स्टोन रोझेसचा ‘सेकंड कमिंग’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टोन रोझेस या ब्रिटिश रॉक बँडबद्दल काहीही लिहा, पहिल्या अल्बमचं कौतुक करून लोक प्रश्न मात्र दुसऱ्याबद्दलच, म्हणजे ‘सेकंड कमिंग’बद्दलच विचारतात. ‘एवढा उशीर का झाला’ आणि ‘खरंच एवढा वाईट आहे का’ हे दोन तर ठरलेलेच. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जातो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा अल्बम कुणाचा, कधीचा? थोडक्यात सांगा.

मँचेस्टरच्या द स्टोन रोझेसचा. गायक इयन ब्राउन, गिटारवर जॉन स्क्वायर, बेसवर मानी (खरं नाव गॅरी माउनफील्ड) आणि ड्रम्सवर रेनी (अ‍ॅलन रेन). पहिला अल्बम बँडच्याच नावाने मे १९८९ मध्ये सिल्व्हरटोन कंपनीने काढला. दुसरा, म्हणजे ‘सेकंड कमिंग’, ५ डिसेंबर १९९४ ला गेफन कंपनीकडून ब्रिटनमध्ये आला. बारा गाणी, लांबी तासाच्या वर. बँडचा तिसरा अल्बम झालाच नाही.

२. पहिला ऐकलेला नाही. थेट दुसरा ऐकला तर चालेल का?

चालेल. उलट या अल्बमला न्याय मिळण्याची शक्यता त्यातच जास्त आहे. १९९४ मध्ये तो विकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात पहिला अल्बम वाजत होता, आणि तुलनेत कुणाचं भलं होत नाही.

फक्त फरक कळायला एवढं लक्षात ठेवा: पहिल्या अल्बमची गिटार हलकी, लखलखीत, साठच्या दशकाची आठवण करून देणारी आहे. ब्राउन जवळजवळ कुजबुजत गातो, आणि खाली मानी-रेनीची जोडी लोकांना नाचवत असते. त्यातलं ‘डोन्ट स्टॉप’ हे गाणं तर आधीच्याच ‘वॉटरफॉल’ची टेप उलटी फिरवून त्यावर नवे शब्द बसवून केलेलं आहे. असली खोडी करणारा बँड साडेपाच वर्षांनी जड, ब्लूजच्या (अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या जुन्या संगीताच्या) वळणाची गिटार घेऊन आला, तेव्हा लोक का बिचकले ते यावरून कळेल.

३. १९९२ मध्ये ‘टर्न्स इन्टू स्टोन’ आला होता ना? मग दुसरा अल्बम तो नाही का?

नाही. तो संग्रह आहे. पहिल्या अल्बमच्या आगेमागे निघालेल्या सिंगल्स (सुट्या गाण्याच्या छोट्या रेकॉर्ड्स) आणि त्यांच्या मागच्या बाजूची गाणी सिल्व्हरटोनने एकत्र करून विकली. ‘फूल्स गोल्ड’ आणि ‘वन लव्ह’ त्यातच मिळतील. तोवर बँड आणि कंपनी यांच्यात कोर्टकचेरी होऊन गेली होती (प्रश्न ४), त्यामुळे नवं काही मिळण्याची कंपनीला आशा नव्हती. हातात होतं ते विकलं.

४. पहिल्या आणि दुसऱ्या अल्बममध्ये साडेपाच वर्षं का गेली?

सुरुवातीची वर्षं करारात अडकली.

१९९० चा उन्हाळा हा बँडच्या लोकप्रियतेचा कळस. २७ मे १९९० ला विडनेसजवळच्या स्पाइक आयलंडवर सुमारे २७ हजार लोकांसमोर कार्यक्रम झाला. आवाजाची व्यवस्था यथातथा होती, तरी त्या पिढीच्या मनात त्या दिवसाला आख्यायिकेची जागा आहे. जुलैमध्ये ‘वन लव्ह’ ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेलं. त्यानंतर बँडने सिल्व्हरटोनमधून बाहेर पडायचं ठरवलं आणि सप्टेंबरमध्ये कंपनीने मनाई हुकूम आणला: दुसऱ्या कुणासाठी रेकॉर्डिंग करायचं नाही.

मूळ करार १९८८ चा. तेव्हा या चौघांना कुणी ओळखत नव्हतं, आणि त्यांच्या बाजूने करार वाचणाऱ्यांनाही संगीताच्या धंद्यातले छक्केपंजे ठाऊक नव्हते. करार इतका एकतर्फी होता, की बँड कंपनीला बांधलेला, पण कंपनीवर रेकॉर्ड बाजारात आणण्याचं बंधन जवळजवळ नाही. मे १९९१ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने तो रद्दबातल ठरवला. माणसाच्या पोटापाण्याच्या व्यवसायावर अवाजवी बंधन घालणारा करार टिकत नाही, हे त्यामागचं तत्त्व. सिल्व्हरटोनने अपील केलं आणि भिजत घोंगडं आणखी पडून राहिलं. दरम्यान गेफन या बड्या अमेरिकन कंपनीने बँडला मोठी रक्कम देऊन करारबद्ध केलं.

कोर्ट जिंकल्यावरही तीन वर्षं कशी गेली, ते प्रश्न ५ मध्ये.

५. निकाल १९९१ चा, अल्बम १९९४ चा. मधे काय करत होते?

पुष्कळसं जगत होते. मुलं झाली, जवळची माणसं गेली, मॅनेजर गॅरेथ इव्हान्सला दूर केलं. पैसा हातात होता आणि घाई करायला सांगणारं कुणी उरलं नव्हतं. उपाशी बँड चार आठवड्यांत अल्बम करतो आणि पोट भरलेल्याला चार वर्षं पुरत नाहीत, असं मला वाटतं. या बँडचं उदाहरण तरी तसंच आहे.

रेकॉर्डिंगचा मुख्य मुक्काम वेल्समधल्या मॉनमथजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत पडला. किंग्जली आणि चार्ल्स वॉर्ड या भावांनी साठच्या दशकात आपल्या शेतावरच उभारलेला हा स्टुडिओ. राहायचं तिथेच, वाजवायचंही तिथेच. क्वीनच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चं काम १९७५ मध्ये इथेच सुरू झालं होतं. स्टोन रोझेस तिथे वर्षाहून जास्त काळ होते. जॅम (काही न ठरवता एकत्र वाजवणं) चालायचे, टेपवर टेप भरायच्या, आणि पूर्ण गाणं मात्र क्वचितच हाती लागायचं.

बाहेर जग थांबलेलं नव्हतं. गेफनच्याच छत्राखालच्या निर्वाणा या अमेरिकन बँडने रॉकचा नूर बदलून टाकला, आणि एप्रिल १९९४ मध्ये त्याचा गायक कर्ट कोबेन गेलासुद्धा. ब्रिटनच्या इतर बँडचे अल्बमही आले: त्याच महिन्यात ब्लरचा ‘पार्कलाइफ’, ऑगस्टमध्ये ओएसिसचा ‘डेफिनिटली मेबी’, ऑक्टोबरमध्ये स्वेडचा ‘डॉग मॅन स्टार’. स्टोन रोझेसने उघडलेल्या दारातून सगळे आत जाऊन बसले, आणि हे शेवटी पोहोचले.

६. निर्माता नक्की कोण? वाचावं तिथे वेगळं नाव दिसतं.

तीन नावं आहेत आणि तिन्ही खरी आहेत. काम सुरू केलं जॉन लेकीने. पहिल्या अल्बमचा निर्माता तोच. अ‍ॅबी रोड स्टुडिओत धंदा शिकलेला माणूस. काम सरकेना तेव्हा तो बाहेर पडला. मग पॉल श्रोडर आला, आणि शेवट सायमन डॉसनने गाठून दिला. अल्बमवर मुख्य श्रेय डॉसन आणि श्रोडर यांना आहे, आणि पहिल्या गाण्याच्या लांबलचक सुरुवातीत (प्रश्न १०) लेकीचं काम उरलेलं आहे.

लेकी इथून निघाला आणि १९९४ मध्येच ऑक्सफर्डकडच्या एका तरुण बँडबरोबर बसला. तो बँड रेडिओहेड, आणि १९९५ मध्ये आलेला अल्बम ‘द बेंड्स’. तोही दुसराच अल्बम, आणि दुसरा अल्बम कसा असावा याचं उदाहरण म्हणून आजही त्याच्याकडेच बोट दाखवतात. नशिबाच्या असल्या खेळावर हसावं की रडावं ते तुम्हीच ठरवा.

७. ‘सेकंड कमिंग’ हे नाव स्वतःचीच टिमकी नाही का?

आहेच, पण थट्टाही आहे. ख्रिस्ताचं पुनरागमन ही ख्रिस्ती श्रद्धा, आणि पहिल्या अल्बमचं शेवटचं गाणं ‘आय अ‍ॅम द रेझरेक्शन’. पुनरुत्थानानंतर पुनरागमन, असा क्रम लागतो. शिवाय लोक वर्षानुवर्षं डोळे लावून बसले होते, हे बँडला चांगलंच ठाऊक होतं. या नावाने अपेक्षा आणखी चढवून ठेवल्या, हा तोटा मात्र झालाच.

८. हा अल्बम म्हणजे लेड झेपेलिनची नक्कल, असं म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं. मधल्या वर्षांत स्क्वायर सत्तरच्या दशकातल्या जड गिटारच्या आणि जुन्या ब्लूजच्या प्रेमात पडला होता, आणि ते लपवायचा त्याने प्रयत्नही केलेला नाही. ‘ड्रायव्हिंग साउथ’ची रिफ (पुन्हापुन्हा येणारी गिटारची छोटी चाल) ऐका, किंवा ‘टीयर्स’ची रचना: सुरुवातीला संथ अकूस्टिक, मग चढत चढत गडगडाट. त्यात झेपेलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’ ऐकू येत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याने ते गाणं ऐकलेलं नाही एवढाच अर्थ.

पण झेपेलिनकडे ‘बेगिंग यू’ नव्हतं. फिरत राहणारा कर्कश लूप, त्याखाली धावते ड्रम्स. रॉक बँडने रेव्ह पार्टीत शिरून वाजवावं तसं ते गाणं आहे. ‘डेब्रेक’ही नव्हतं. ते तर चौघांनी खोलीत बसून वाजवलेलं आहे. मानीचा बेस लोळत राहतो, रेनी त्याला हळूच चिमटे काढतो, आणि ब्राउन अमेरिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध उभ्या राहिलेल्या रोझा पार्क्सचं नाव घेत काळ्या लोकांच्या संगीताचं ऋण सांगतो. नक्कल हा शब्द स्क्वायरच्या गिटारपुरता ठीक आहे. गिटारच्या खाली जे चाललंय त्याला तो लागू पडत नाही.

९. गाणी कुणी लिहिली? पहिल्यासारखीच ब्राउन-स्क्वायर जोडीने का?

इथेच खरं घोडं पेंड खातं, आणि मला विचाराल तर या अल्बमचं सगळं रहस्य श्रेयांच्या बारीक अक्षरात आहे. पहिल्या अल्बममधलं जवळजवळ सगळं दोघांच्या नावावर होतं. दुसऱ्यात बाराही गाणी तपासा: बहुतेकांखाली एकट्या स्क्वायरचं नाव. ‘बेगिंग यू’ स्क्वायर आणि ब्राउनचं, ‘स्ट्रेट टू द मॅन’ एकट्या ब्राउनचं, ‘डेब्रेक’ चौघांचं. बाकी सगळं स्क्वायर.

आता ‘ड्रायव्हिंग साउथ’कडे परत या. चौरस्त्यावर सैतान भेटतो आणि आत्मा विकत मागतो, ही ब्लूजमधली जुनी कथा. इथला सैतान भेटणाऱ्याला सुनावतो, की तू काही आता तरुण नाहीस, देखणाही नाहीस, आणि गाता तर तुला मुळीच येत नाही. आत्मा विकावासा वाटला तर माझा टोल-फ्री नंबर आहे. शब्द लिहिले गिटारवाल्याने, आणि ते माइकसमोर उभं राहून म्हणायचे गायकाने. विनोद असेल, नाही असं नाही. पण दोघं एका टेबलाशी बसून लिहीत असते तर ही ओळ अशी आली असती का, असा प्रश्न मला दर वेळी पडतो.

लोक म्हणतात उशिराने अल्बम बिघडवला. माझं मत वेगळं आहे. गाणी एकाची, आवाज दुसऱ्याचा आणि ताल उरलेल्या दोघांचा, असं झाल्यावर घाईने केला असता तरी तो असाच झाला असता. जिथे चौघं एकत्र आहेत तिथे तो आजही ताजा वाटतो.

१०. पहिलं गाणं लावलं की नुसतं पाणी आणि जंगलाचे आवाज येतात. फाइल खराब आहे का?

फाइल ठीक आहे. ‘ब्रेकिंग इन्टू हेवन’ अकरा मिनिटांच्या वर आहे, आणि त्यातली पहिली चार मिनिटं उलटून गेली तरी ब्राउन तोंड उघडत नाही. पाणी, पाखरं, दुरून येणारी गिटार, मग हळूहळू जवळ येणारे ड्रम्स. साडेपाच वर्षं थांबलेल्यांना आणखी थांबवायचं, हा उद्धटपणा मला आवडतो. हेडफोन लावून ऐका. फोनच्या स्पीकरवर ती मिनिटं फुकट जातात. काही ठिकाणी सुरुवात कापलेली छोटी आवृत्ती मिळते, ती अल्बममधली नव्हे.

११. ‘लव्ह स्प्रेड्स’ कशाबद्दल आहे? क्रूसाचा उल्लेख येतो म्हणून विचारतो.

क्रूसावरचा ख्रिस्त काळी स्त्री असती तर, ही त्यामागची कल्पना. धर्मातून बाई पुसून टाकली गेली, असा त्याचा रोख आहे. विषय एवढा मोठा आणि चाल मात्र स्लाइड गिटारवर डुलत जाणारी, त्यामुळे अनेकांनी वर्षानुवर्षं ते शब्दांकडे लक्ष न देता गुणगुणलं. बँडच्या पुनरागमनाचं पहिलं सिंगल हेच; नोव्हेंबर १९९४ मध्ये आलं आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. रेनीचे ड्रम्स अल्बमभर चांगले आहेत, पण इथे जरा लक्ष देऊन ऐका. रिफ जड आहे आणि तो तिला जड होऊ देत नाही.

१२. ‘युअर स्टार विल शाइन’ हे अंगाईगीत आहे का? माझ्या लहान मुलीला लावतो.

लावा, तिला काही कळणार नाही. अकूस्टिक गिटार, मऊ आवाज, ताऱ्याचं आश्वासन. तीन मिनिटांच्या आतबाहेरचं हे गाणं अंगाईच वाटतं. मग शेवट ऐका: त्या मुलाच्या बापाच्या दोन डोळ्यांच्या मधोमध रोखलेली बंदूक. बाप म्हणून तुम्हाला जरा अवघडल्यासारखं होईल, एवढंच.

१३. पूर्ण तासभर ऐकायची तयारी नाही. कुठून सुरू करू?

‘टेन स्टोरी लव्ह साँग’. पहिल्या अल्बमचा चाहता असाल तर हाच दरवाजा. जुनी गोडी इथे शिल्लक आहे. त्यानंतर ‘डेब्रेक’, ‘बेगिंग यू’, आणि शेवटी ‘लव्ह स्प्रेड्स’. हे चार आवडले तर ‘हाउ डू यू स्लीप’ आणि ‘टाइटरोप’. ‘गुड टाइम्स’ मला कधीच पटलं नाही. ब्राउनच्या आवाजाकडून तिथे मागितलेलं त्याच्याकडे नाही. ‘स्ट्रेट टू द मॅन’ राहिलं तरी हरकत नाही.

१४. सीडीवर गाणी बारा आणि प्लेअर ९९ दाखवतो. हे काय?

लपवलेलं गाणं. बाराव्यानंतर रिकाम्या, काही सेकंदांच्या ट्रॅकची रांग लागते आणि ९० व्या ट्रॅकवर अचानक बेसूर व्हायोलिन, पियानो वगैरेंचा सहा मिनिटांचा गोंधळ सुरू होतो. त्याला ‘द फॉझ’ म्हणतात. त्यानंतर पुन्हा ९९ पर्यंत शांतता. संगीत म्हणून त्यात शोधण्यासारखं काही नाही. रॉकफील्डमध्ये रात्री कशा जात असाव्यात, याचा अंदाज मात्र येतो.

१५. हा अल्बम फ्लॉप झाला होता का?

आकड्यांत नाही. ब्रिटनच्या यादीत चौथा क्रमांक. ‘लव्ह स्प्रेड्स’ दुसरं (प्रश्न ११), फेब्रुवारी १९९५ मध्ये ‘टेन स्टोरी लव्ह साँग’ अकरावं, त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ‘बेगिंग यू’ पंधरावं. अमेरिकेत अल्बम ४७ पर्यंत पोहोचला. दुसऱ्या कुणाचा असता तर पेढे वाटले असते.

१६. मग समीक्षक इतके का चिडले होते?

एक कारण अपेक्षा, ते आलंच. दुसरं कारण कमी सांगितलं जातं. पुनरागमनाची पहिली मुलाखत बँडने संगीताच्या साप्ताहिकांना दिलीच नाही. ती दिली ‘द बिग इश्यू’ला, म्हणजे बेघर लोक रस्त्यावर विकून पोट भरतात त्या नियतकालिकाला. कृती चांगली होती. पण पाच वर्षं या बँडच्या बातमीसाठी तिष्ठत बसलेल्या पत्रकारांना ती झोंबली नसेल असं नाही.

काळाने राग निवळला. २००४ च्या ‘शॉन ऑफ द डेड’ या चित्रपटात नायक आणि त्याचा मित्र झाँबींवर फेकायला रेकॉर्ड्स निवडतात. स्टोन रोझेसचा पहिला अल्बम अर्थातच वाचतो, आणि ‘सेकंड कमिंग’चं नाव निघतं तेव्हा शॉन म्हणतो, मला आवडतो तो. ब्रिटिश प्रेक्षकांना हा विनोद समजावून सांगावा लागला नाही.

१७. गेफन ही तर बडी कंपनी. मग याला इंडी (छोट्या, स्वतंत्र कंपन्यांचं संगीत) कसं म्हणायचं?

कंपनीवरून म्हणायचं झालं तर नाहीच म्हणता येणार. पण सिल्व्हरटोनही झोम्बा या मोठ्या समूहाचाच भाग होती, तेव्हा तो निकष पहिल्या अल्बमलाही लागत नाही. ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकापर्यंत इंडी ही एक शैली झाली होती आणि कंपनीचा आकार कुणी विचारत नव्हतं. कुणी अगदीच हट्टाला पेटलं तर रॉक म्हणा आणि पुढे चला.

१८. कव्हर एवढं काळपट का? पहिल्याचं तर रंगीत होतं.

दोन्ही कव्हरं स्क्वायरचीच. पहिल्यावर चित्रकार जॅक्सन पोलॉकच्या धर्तीवर उडवलेले रंग आणि लिंबाच्या चकत्या होत्या. १९६८ च्या पॅरिसमध्ये निदर्शक अश्रुधुरावर उतारा म्हणून लिंबू जवळ ठेवत, त्याचा तो संदर्भ. दुसऱ्यावर अंधारं, मळकट कोलाज आहे. आतल्या संगीताला शोभतं, पण दुकानाच्या फळीवर उठून दिसत नाही.

१९. ग्लास्टनबरीला यायचे होते आणि आलेच नाहीत, ते याच वेळी ना? आणि रेनी तेव्हा होता का?

हो आणि नाही. रेनी १९९५ च्या वसंतात, दौरा तोंडावर असताना बँड सोडून गेला. त्याच्या जागी रॉबी मॅडिक्स आला. जूनमध्ये ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात मुख्य मानाचं स्थान ठरलेलं होतं, पण स्क्वायर कॅलिफोर्नियात सायकलवरून पडला आणि गळपट्टीचं हाड मोडून घेतलं. ऐनवेळी जागा मिळाली पल्प या बँडला. त्यांनी ‘कॉमन पीपल’ वाजवलं आणि त्या रात्रीनंतर तो बँड वेगळ्याच उंचीवर गेला. एकाच्या मोडलेल्या हाडावर दुसऱ्याचं भाग्य उजळल्याचं असं उदाहरण रॉकमध्ये दुसरं चटकन आठवत नाही.

२०. बँड या अल्बममुळे फुटला का?

अल्बममुळे नाही; ज्या कारणाने अल्बम असा झाला त्याच कारणाने (प्रश्न ९). एप्रिल १९९६ मध्ये स्क्वायर बाहेर पडल्याचं जाहीर झालं. त्याच्या जागी मँचेस्टरचाच अझीझ इब्राहिम आला. तो वाजवण्यात कमी नव्हता, पण ऑगस्टमध्ये रेडिंग महोत्सवात ब्राउनचा सूर इतका ढळला की तो कार्यक्रम आजही वाईट कार्यक्रमांच्या यादीत निघतो. ऑक्टोबरमध्ये दुकान बंद. मानी प्रायमल स्क्रीम या बँडमध्ये गेला, स्क्वायरने सीहॉर्सेस हा नवा बँड काढला, ब्राउन एकटा गाऊ लागला.

२१. पुन्हा एकत्र आले तेव्हा या अल्बममधलं काही वाजवलं का?

थोडंच. ऑक्टोबर २०११ मध्ये पुनर्मिलन जाहीर झालं आणि २०१२ च्या उन्हाळ्यात मँचेस्टरच्या हीटन पार्कमध्ये तीन रात्री कार्यक्रम झाले. तिथे ‘टेन स्टोरी लव्ह साँग’ आणि ‘लव्ह स्प्रेड्स’ एवढीच दोन गाणी ‘सेकंड कमिंग’मधली, बाकी सगळं १९९० पर्यंतचं. पुढे आणखी एखाद-दुसरं आलं. २०१६ मध्ये दोन नवी सिंगल्स निघाली, ‘ऑल फॉर वन’ आणि ‘ब्यूटिफुल थिंग’. अल्बम निघाला नाही. जून २०१७ मधला ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कचा कार्यक्रम शेवटचा ठरला. नोव्हेंबर २०२५ मध्ये मानीचं निधन झालं, त्यामुळे तिसरा अल्बम कधी येणार हा प्रश्न आता कृपा करून पाठवू नका.

२२. अल्बमबाहेरची त्या काळातली गाणी ऐकण्यासारखी आहेत का?

आहेत. ‘लव्ह स्प्रेड्स’च्या सिंगलबरोबर ‘ब्रेकआउट’ आणि ‘ग्रूव्ह हार्डर’ आली, ‘टेन स्टोरी लव्ह साँग’बरोबर ‘मोझेस’ आणि ‘राइड ऑन’. यांतलं ‘ब्रेकआउट’ नक्की ऐका. स्क्वायरने गिटारची एकावर एक पुटं चढवण्याआधी तिघं-चौघं मोकळेपणाने वाजवत होते, याची झलक त्यात आहे. ‘डेब्रेक’ आवडलं असेल त्यांना ते आवडेल.

२३. माझ्याकडच्या ‘लव्ह स्प्रेड्स’मध्ये ड्रम्स वेगळे ऐकू येतात. हे कसं?

बहुधा तुमच्याकडे ‘हेल्प’वरची आवृत्ती आहे. बोस्नियातल्या युद्धग्रस्त मुलांसाठी वॉर चाइल्ड या संस्थेने सप्टेंबर १९९५ मध्ये हा मदतनिधी अल्बम काढला. बँडांनी एका दिवसात रेकॉर्डिंग करायचं आणि आठवडाभरात तो दुकानांत पोहोचवायचा, अशी त्याची अट होती. स्टोन रोझेसने त्यासाठी ‘लव्ह स्प्रेड्स’ नव्याने वाजवलं. तेव्हा रेनी गेलेला होता, ड्रम्सवर मॅडिक्स आहे (प्रश्न १९). खात्री करायची असेल तर सुरुवात तपासा आणि फाइलवरचं अल्बमचं नाव पाहा. साडेपाच वर्षं एका अल्बमला लावणाऱ्या बँडने हे गाणं एका दिवसात उरकलं, आणि वाईट झालेलं नाही.